हायस्कूल फुटबॉलचा पंच होताना: ऑप्शन, ब्लॉकिंग आणि तोंडातली शिट्टी

अमेरिकेतल्या जॉर्जियात हायस्कूल फुटबॉलचा (आपला पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेट घालून बॉल हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल) पंच व्हायला तो खेळ स्वतः खेळलेला असावा लागत नाही. मी मूळचा सातारचा. शाळेत कबड्डी आणि गल्लीत टेनिस बॉल क्रिकेट, एवढंच माझं भांडवल. तरी २०२४ च्या हंगामात अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरांमध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून मैदानाच्या कडेला उभा राहिलो. आईने फोनवर विचारलं, "अरे, म्हणजे तू खेळणार नाहीस, नुसती शिट्टी वाजवणार?" मी हो म्हटलं. पुढे कळलं की निम्मं शिक्षण शिट्टी न वाजवण्याचंच असतं.

या खेळाचं वेड लागलं ते जॉर्जिया टेकला एमएस करताना. पॉल जॉन्सन तिथे २००८ ते २०१८ प्रशिक्षक होते आणि त्यांचा संघ फ्लेक्सबोन रचनेतून ट्रिपल ऑप्शन खेळायचा, म्हणजे तिघांपैकी बॉल घेऊन कुणी पळायचं ते खेळ चालू असतानाच ठरवायचा. बाकीचे संघ पासवर पास फेकत असताना हे आपले पळतायत. विद्यार्थ्यांच्या स्टँडमधून मला निम्म्या वेळा बॉल कुणाकडे आहे तेच समजायचं नाही. २०१४ च्या शेवटच्या दिवशी ऑरेंज बोलमध्ये त्यांनी मिसिसिपी स्टेटला ४९-३४ हरवलं, तो सामना आम्ही चार मित्रांनी कुणाच्या तरी अपार्टमेंटमध्ये चिवडा खात पाहिला होता. पंच होण्याचा विचार तेव्हा डोक्यातही नव्हता, आणि असता तरी उपयोग नव्हता, कारण मी एच-वन-बीवर होतो.

हा मुद्दा आधीच सांगून टाकतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते. पंचाला सामन्यामागे मानधन मिळतं आणि ते उत्पन्न धरलं जातं. तुम्ही संघटनेचे नोकर नसता, स्वतंत्र कंत्राटदार असता. डब्ल्यू-नाइन फॉर्म भरून द्यावा लागतो. एच-वन-बीवर दुसरीकडून असं उत्पन्न घेणं अंगाशी येऊ शकतं, तेव्हा आधी वकिलाला विचारा. "फक्त शनिवारचे दोन तास तर जातात" हे उत्तर तिकडे चालत नाही. मी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबलो.

फेब्रुवारीत नोंदणी केली. माणसं हवीच आहेत: हायस्कूल खेळांचे नियम बघणाऱ्या नॅशनल फेडरेशनच्या म्हणण्यानुसार २०१८-१९ नंतरच्या तीनेक वर्षांत देशभरात सगळे खेळ मिळून साधारण ५० हजार हायस्कूल पंचांनी काम सोडलं. त्यामुळे स्वागत छान होतं, पण कागदपत्रं चुकत नाहीत. राज्य संघटनेच्या पोर्टलवर खातं, स्थानिक पंच संघटनेचं सभासदत्व आणि पार्श्वभूमी तपासणीसाठी संमतीपत्र. माझी तपासणी थोडी रेंगाळली, कारण गेल्या काही वर्षांतले सगळे पत्ते मागतात आणि मी भाड्याची घरं बरीच बदललेली. पत्ते, तारखांसकट, आधीच एका कागदावर लिहून ठेवा. फी, विमा आणि स्थानिक वर्गणी मिळून शंभर डॉलरच्या आसपास गेले. डोक्याला मार लागल्याची लक्षणं ओळखण्याचा आणि उष्माघाताचा असे नॅशनल फेडरेशनचे दोन ऑनलाइन कोर्स फुकट आहेत. शेवटी मिळणारं प्रमाणपत्र लगेच पीडीएफ करून ठेवा. नंतर तेच पोर्टल परत मागतं.

मार्चपासून सोमवारी संध्याकाळी एका शाळेच्या कॅफेटेरियात वर्ग सुरू झाले. हातात दोन पुस्तकं येतात, एक नियमांचं आणि एक प्रसंगांचं. नियमांचं पुस्तक सुरुवातीपासून वाचायला घेतलंत तर झोप येईल. प्रसंगांचं आधी वाचा: "असं घडलं, आता काय द्याल?" अशी कोडी असतात, त्यातून नियम डोक्यात राहतो. टेक्सासमधल्या वाचकांसाठी एक सूचना, तुमच्याकडे हायस्कूलही कॉलेजच्या नियमांनी चालतं, त्यामुळे इथून पुढचे काही आकडे तुम्हाला लागू नाहीत.

आमच्या गटाचा मुख्य पंच म्हणजे पांढरी टोपी घालणारा रेफरी. साठीचा गृहस्थ, कमी बोलणारा. पहिल्याच वर्गात त्याने विचारलं, "तुमच्यातल्या कुणाला ऑप्शन कळतो?" मी जॉर्जिया टेकचा म्हणून हात वर केला. त्याने फळ्याकडे बोलावलं आणि खडू दिला. सुदैवाने मला मांडणी पाठ होती. ती इथे थोडक्यात देतो, कारण पंचाची सगळी कसरत तिच्यातून निघते.

साध्या रनिंग प्लेमध्ये, म्हणजे पळायच्या डावात, क्वार्टरबॅक (डाव सुरू करणारा खेळाडू) बॉल दुसऱ्याला देऊन बाजूला होतो, म्हणजे हल्ला करणाऱ्यांचा एक माणूस वायाच जातो. ऑप्शनमध्ये समोरच्या दोघांना मुद्दाम ब्लॉकच करत नाहीत, म्हणजे अंगाने अडवत नाहीत. स्नॅप झाला, म्हणजे लाइनच्या मधल्या सेंटरने बॉल मागे दिला, की फुलबॅक (क्वार्टरबॅकच्या मागचा पळणारा) सेंटरशेजारच्या गार्डच्या अंगावरून सरळ आत घुसतो. क्वार्टरबॅक बॉल त्याच्या पोटाशी टेकवतो, पण सोडत नाही. नजर असते पहिल्या मोकळ्या सोडलेल्या बचावपटूवर. तो फुलबॅककडे झेपावला तर बॉल काढून घ्यायचा, जागेवर थांबला तर देऊन टाकायचा. बॉल काढून घेतला की बाहेरच्या बाजूला दुसरा मोकळा माणूस वाट बघत असतो. तो क्वार्टरबॅकवर आला तर मागून पळणाऱ्या स्लॉटबॅककडे पिच (बॉल हाताने मागे टाकणं), नाही आला तर क्वार्टरबॅक स्वतःच पळतो. ज्यांना ब्लॉक करायचं नाही अशा दोघांच्या वाटचे ब्लॉकर मग मोकळे होतात. टॅकल (गार्डच्या बाहेरचा लाइनमन) समोरच्या एन्डला, म्हणजे बचावाच्या लाइनच्या टोकाच्या माणसाला, हातही न लावता त्याच्या आतून निघून लाइनबॅकरवर (लाइनमागच्या बचावपटूवर) जातो. स्लॉटबॅकपैकी एक जण बाहेरून वळसा घेऊन सेफ्टीला (सगळ्यात मागच्या बचावपटूला) गाठतो. कमी वजनाच्या पोरांनी मोठ्या पोरांना हरवायचा हा जुना मार्ग आहे. साठच्या दशकात ह्यूस्टन विद्यापीठात बिल योमन यांनी व्हीअर नावाची ऑप्शनची रचना आणली, १९६८ मध्ये टेक्सास विद्यापीठात डॅरेल रॉयल यांच्या हाताखाली एमरी बेलार्ड यांनी विशबोन उभा केला आणि त्या संघाने ओळीने ३० सामने जिंकले. आजही आर्मी, नेव्ही (लष्करी आणि नौदल अकादमींचे कॉलेज संघ) आणि साधनं कमी असलेली अनेक हायस्कूलं याच घराण्यातली.

रेफरीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "छान. आता हे सगळं विसर. बॉलकडे बघणं सोड." मग त्याने दिवे घालवून एका ऑप्शन संघाची फिल्म लावली. प्रत्येक प्लेनंतर थांबवून प्रश्न एकच, "लेफ्ट गार्डने काय केलं?" कुणालाच सांगता येईना. सगळे बॉल शोधत होते, आणि बॉल बहुतेक वेळा आम्हाला वाटला तिथे नव्हताच. कबड्डीत आमचे सर सांगायचे, चढाई करणाऱ्याच्या हाताकडे बघू नका, कमरेकडे बघा. इथेही तेच. हात फसवण्यासाठीच असतात. ब्लॉक खोटं बोलत नाहीत. लाइन कुठल्या दिशेला सरकते ते बघा, बॉल आपोआप सापडतो.

ब्लॉकिंगच्या नियमांवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा. हायस्कूलमध्ये कमरेखाली ब्लॉक करायला परवानगी आहे ती एका लहानशा चौकटीत: स्नॅपच्या जागेपासून दोन्ही बाजूंना चार-चार यार्ड, आणि दोन्ही लाइनच्या मागे तीन-तीन यार्ड. ब्लॉक करणारा आणि ज्याला करायचा तो, दोघेही स्नॅपच्या वेळी लाइनवर आणि त्या चौकटीत हवेत. २०२१ पासून आणखी एक अट आली, ब्लॉक स्नॅप झाल्या झाल्या लगेच व्हायला हवा. आधी उभं राहून धक्का, मग दोन पावलांनी खाली वाकून गुडघ्यावर, हे आता चालत नाही, केलं तर दंड: पंधरा यार्ड. स्लॉटबॅक लाइनवर नसतो, म्हणून त्याने बाहेर जाऊन सेफ्टीचे पाय काढले तर तेही पंधरा यार्ड. प्रेक्षकांतली जुनी मंडळी यावर हमखास ओरडतात, कारण त्यांनी वर्षानुवर्षं शनिवारी टीव्हीवर कॉलेजच्या स्लॉटबॅकना तेच करताना पाहिलेलं असतं. कॉलेजनेसुद्धा २०२२ पासून बाहेरच्या भागातले कमरेखालचे ब्लॉक बंद केले, पण ती बातमी स्टँडपर्यंत पोचलेली नाही.

त्यात चॉप ब्लॉक वेगळा. एका बचावपटूला एकाने वर धरलंय आणि दुसरा त्याच्याच गुडघ्यावर येतो, ही जोडी बेकायदेशीर, मध्ये वेळ गेला असो वा नसो. ऑप्शन संघाच्या मागच्या बाजूचे गार्ड आणि टॅकल कोन करून आत झेपावतात तेव्हा हे नकळत घडतं. सेंटर नोजगार्डला (त्याच्यासमोरच्या बचावपटूला) खांद्याने अडवून उभा असतो, शेजारचा गार्ड लाइनबॅकरकडे जायला खाली वाकतो आणि वाटेत त्याच नोजगार्डच्या गुडघ्याला लागतो. पोराचा हेतू वाईट नसतो. गुडघा मात्र कायमचा जाऊ शकतो. रेफरी सांगायचा की फ्लॅग (नियमभंग दाखवणारं फडकं) टाकताना हेतूचा विचार नको, गुडघ्याचा करा.

जुलैत ऑनलाइन परीक्षा झाली. पुस्तक उघडून देता येते, पण वेळ मर्यादित असतो, त्यामुळे कुठला विषय कुठल्या प्रकरणात आहे एवढं तरी पाठ हवं. मी पुस्तकाच्या कडेला रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या, त्या फार कामाला आल्या. पास झालो. मग गणवेश. शर्ट, पांढरी पट्टी असलेली काळी पँट, पूर्ण काळे बूट, काळी टोपी, दोन फ्लॅग, मैदानावर जागेची खूण करायला टाकायची छोटी बीनबॅग, फॉक्स ४० शिट्टी. शिवाय कितवा डाउन (पुढे जाण्याचा प्रयत्न) आहे ते लक्षात ठेवायला मनगटाला बांधायचा रबरबँड, ज्याचा फास दर डाउनला पुढच्या बोटात सरकवायचा. सगळं नवं घेतलं तर तीनशे डॉलरच्या आसपास. संघटनेतले जुने लोक निवृत्त होताना सामान देऊन टाकतात, तेव्हा आधी विचारा. बूट मात्र नवेच आणि चांगले घ्या. पावत्या जपा, उत्पन्न दाखवताना खर्च वजा करता येतो.

ऑगस्टच्या सुरुवातीला सरावसामने. जॉर्जियातला ऑगस्ट म्हणजे काय ते इथल्यांना माहीत आहे. मला लाइन जज ही जागा मिळाली: मैदानाच्या कडेला, बरोबर बॉलच्या रेषेत. स्नॅपच्या आधीच पाच-सहा गोष्टी बघायच्या असतात आणि फ्लेक्सबोन संघ असला की त्या अवघड होतात. स्लॉटबॅक टॅकलच्या किंचित बाहेर, किंचित मागे उभा असतो. लाइनवर आहे की मागे? त्याचं डोकं शेजारच्या लाइनमनच्या कमरेच्या रेषेच्या मागे हवं, नाहीतर तो ना धड लाइनवर ना धड बॅक. मागे चारपेक्षा जास्त माणसं नकोत. त्यातच स्नॅपच्या अगदी आधी तो मागच्या दिशेने चालायला लागतो. स्नॅपच्या क्षणी त्याचं पाऊल पुढे पडता कामा नये. हे सगळं मनात मोजून होईपर्यंत प्ले संपलेली असते.

मग जेव्हीचे, म्हणजे शाळांच्या दुय्यम संघांचे, सामने सुरू झाले. एका गुरुवारी समोर पक्का ऑप्शन संघ आला. सामन्याआधी रेफरी दोन्ही प्रशिक्षकांना भेटतो, खेळाडूंची साधनं नियमात आहेत ना विचारतो, आणि आमचा रेफरी हेही विचारतो की ऑप्शन खेळता का, क्वार्टरबॅक डावरा आहे का. परत येऊन त्याने आम्हाला कामं वाटून दिली. पिचपर्यंत क्वार्टरबॅक त्याचा, आणि पिच झाल्यावरही त्याचाच, कारण पिच टाकून मोकळ्या झालेल्या पोराला उशिरा येऊन आडवं करण्याची हौस सगळ्यांना असते. पिच घेणारा माझ्या बाजूला आला तर माझा. पिच पुढे गेली की मागे, हा निर्णयही माझा. निघताना तो म्हणाला, "चामडं (म्हणजे बॉल) दिसल्याशिवाय शिट्टी नाही." हे वाक्य इथे प्रत्येक पंच प्रत्येक नवख्याला सांगतो.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये थर्ड अँड थ्री, म्हणजे तिसरा डाउन, तीन यार्ड बाकी. स्लॉटबॅक मागच्या दिशेने निघाला, स्नॅप, आणि फुलबॅक मध्यभागी आदळला. सहा-सात पोरांचा ढीग झाला, खालून हुंकार, वर हेल्मेटं एकमेकांवर वाजतायत. स्टँडमधून ओरडा झाला, कारण सगळ्यांच्या मते प्ले संपली होती. माझ्या जवळचा टॅकल मात्र ढिगाकडे वळलाच नाही. एन्डच्या आतून सरळ लाइनबॅकरवर चालला होता. म्हणजे बॉल बाहेर. वर पाहिलं तर क्वार्टरबॅक माझ्याकडे पळत येतोय, बॉल दोन्ही हातांत छातीशी, आणि बाहेरचा बचावपटू त्याच्या अंगावर. त्याने अंगठा खाली करून पिच टाकली. स्लॉटबॅक थोडा पुढे निघून गेला होता, त्यामुळे बॉल त्याच्या मागच्या हाताला लागून गवतावर पडला आणि वेडावाकडा उसळला.

अशा वेळी शिट्टी ओठांत असते आणि आजूबाजूचे सगळे तुमच्याकडे बघतात. बॉल पुढच्या दिशेने गेला असता तर तो अपूर्ण पास, प्ले तिथेच संपली. मागे किंवा अगदी समांतर गेला असेल तर बॉल जिवंत, ज्याला मिळेल त्याने उचलून पळावं. हातातून सुटतानाची दिशा तेवढी बघायची, नंतर बॉल कुठे घरंगळला ते नाही. ही मागे गेली होती. मी मुठीने मागच्या दिशेला खूण केली आणि गप्प राहिलो. बचावाचा एक कॉर्नरबॅक बॉलवर पडला, दोघे त्याच्यावर. बॉल त्याच्या पोटाखाली दिसला तेव्हा शिट्टी वाजवली. हल्ला करणाऱ्यांचा प्रशिक्षक माझ्या कानाशी येऊन, "पुढे गेली! पुढे गेली!" मी एवढंच म्हटलं, "कोच, पिच मागे होती." एक वाक्य, एकदाच, वाद नाही. तो दोन प्लेंनंतर माझ्याशी हवेबद्दल बोलत होता.

सप्टेंबरच्या शेवटी हेलेन वादळ आलं, शाळा बंद राहिल्या आणि सामन्यांचं वेळापत्रक कोलमडलं. कामावर आधीच सांगून ठेवा की पावसाळी आठवड्यात सामना मंगळवारीही जाऊ शकतो. वीज दिसली किंवा गडगडाट ऐकू आला की खेळ ३० मिनिटं थांबतो, आणि पुन्हा गडगडलं की घड्याळ परत शून्यापासून. एका रात्री आम्ही ट्रेनरच्या खोलीत बसून रेफरीच्या बायकोने दिलेला केक संपवला. घरी पोचायला साडेअकरा, आणि बायको दारातच, "अरे, उद्या सकाळी तुझा कॉल आहे ना?"

शुक्रवारच्या व्हर्सिटी (शाळेच्या मुख्य संघाच्या) सामन्यात नवख्यांना मैदानात सहसा घेत नाहीत. मला प्लेच्या घड्याळावर (पुढची प्ले सुरू करायची मुदत मोजणाऱ्या) बसवायचे. पैसे कमी, पण प्रेस बॉक्समधून संपूर्ण लाइन दिसते. शक्य असेल तर हे काम नाकारू नका. ऑप्शनचा आधुनिक भाऊ आरपीओ तिथून नीट समजला: लाइनमन पळण्यासारखा ब्लॉक करत पुढे जातात आणि क्वार्टरबॅक लाइनबॅकरकडे बघून ऐनवेळी पास टाकतो. पास असेल तर हायस्कूलमध्ये लाइनमनला लाइनच्या पुढे जायला दोन यार्डांची सूट आहे, कॉलेजमध्ये तीन, एनएफएलमध्ये एक. वरून बघताना लक्षात येतं की क्वार्टरबॅकचा निर्णय अर्ध्या सेकंदाने लांबला की गार्ड चौथ्या यार्डावर पोचलेला असतो. त्या मोसमात तिकडे आर्मीने ऑप्शन खेळतच अमेरिकन कॉन्फरन्स जिंकली, आणि आमच्या ग्रुपवर जुन्या पंचांचे मेसेज थांबेनात.

मानधन जेव्हीला सामन्यामागे साठ-पासष्ट डॉलर पडलं, काही आठवड्यांनी थेट बँकेत. पेट्रोल आणि ट्रॅफिक धरला तर हिशेब न केलेलाच बरा. नोव्हेंबरात संघटना प्रत्येकाला लेखी शेरे देते. माझ्या कागदावर जागा घेणं आणि संयम याबद्दल बरं लिहिलं होतं. ब्लॉकिंगखाली "लाइनच्या आत काय चालतं ते अजून दिसत नाही" असा शेरा होता, आणि तो खरा आहे, कारण कडेवरून ते दिसतच नाही. म्हणून पुढच्या हंगामाला अंपायरची जागा मागितली. ती बचावाच्या लाइनच्या मागे, लाइनबॅकरच्या शेजारी असते, सगळे ब्लॉक अंगावर येतात. त्यासाठी मे महिन्यातल्या स्प्रिंग प्रॅक्टिसला जावं लागतं. तिथे पैसे मिळत नाहीत आणि फ्लॅगही टाकायचा नसतो, नुसतं उभं राहून चुकवायचं कसं ते शिकायचं. गुडघ्यांना पट्ट्या आधीच मागवून ठेवल्यात.